एम.ए.ला पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास शिकतात म्हणजे नेमकं काय करतात?

तत्त्वज्ञानात एम.ए. करायचं म्हटलं की पुण्यातल्या घरांत पहिला प्रश्न नोकरीचा निघतो. तो इथे बाजूला ठेवू. त्यावर बोलायला प्रत्येक घरात एखादा मामा तयारच असतो. दुसरा प्रश्न मात्र रास्त आहे आणि तो बहुतेक वेळा खुद्द विद्यार्थ्यालाच पडलेला असतो. बी.ए.ला थेलीसपासून सार्त्रपर्यंत सगळे होऊन गेले, मग पुन्हा तेच कशाला? तीच माणसं, तीच सालं, फक्त उत्तरं जरा लांबवायची का?

अभ्यासक्रमाचा कागद पाहिला तर हा संशय खराच वाटतो. ग्रीक, मध्ययुगीन, आधुनिक, समकालीन हे कप्पे तेच. प्लेटो, ॲरिस्टॉटल, देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ, लॉक, बर्कली, ह्यूम, कांट, हेगेल ही नावंही तीच. यूपीएससीला तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेणाऱ्यांना पहिल्या पेपरात हीच मंडळी भेटतात, त्यामुळे अप्पा बळवंत चौकात त्यांच्यावरच्या नोट्सना तोटा नाही. नोट्समधला देकार्त पाच ओळींत आटोपतो. संशयाची पद्धत वापरली, 'मी विचार करतो म्हणून मी आहे' असं म्हणाला, मन आणि शरीर वेगळी मानली, ईश्वराचं अस्तित्व सिद्ध केलं, आधुनिक तत्त्वज्ञानाचा जनक ठरला. यातलं काही धादांत खोटं नाही. पण एवढ्यावर देकार्त कळला म्हणणं म्हणजे पत्रिका जुळली म्हणून संसार झाला म्हणण्यासारखं आहे.

एम.ए.ला नावं तीच राहतात, काम बदलतं. 'कोण काय म्हणाला' हे तुम्हाला येतंय असं गृहीत धरलेलं असतं. आता विचारतात ते असं : त्याला तसं का म्हणावं लागलं, त्याच्यासमोर अडचण कोणती होती, त्याच्या काळात त्याला कोणी काय आक्षेप घेतला, त्याने दिलेलं उत्तर टिकतं का, आणि टिकत नसेल तर पुढच्याने काय केलं. बी.ए.चा प्रश्न 'देकार्तची संशयपद्धती स्पष्ट करा' असा असतो. एम.ए.ला तोच विषय 'देकार्तच्या युक्तिवादात चक्रदोष आहे (जे सिद्ध करायचं तेच आधी गृहीत धरलं आहे) हा त्याच्या समकालीन आर्नोचा आक्षेप कितपत ग्राह्य आहे?' असा येतो, किंवा यायला हवा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाठ करता येत नाही.

देकार्तच घेऊन हे जरा सविस्तर पाहू.

त्याचं 'मेडिटेशन्स' १६४१ साली लॅटिनमध्ये प्रसिद्ध झालं. एम.ए.च्या वर्गात ते मुळातून, म्हणजे बहुधा इंग्रजी भाषांतरातून पण पूर्ण, वाचायला घेतलं की पहिला धक्का बसतो तो असा, की ते जगप्रसिद्ध वाक्य त्या शब्दांत तिथे नाहीच. ते १६३७च्या फ्रेंच 'डिस्कोर्स'मध्ये आहे, १६४४च्या 'प्रिन्सिपल्स'मध्ये आहे. 'मेडिटेशन्स'मधलं दुसरं चिंतन म्हणतं ते साधारण असं : 'मी आहे' हे विधान मी जेव्हा जेव्हा उच्चारतो किंवा मनात आणतो, तेव्हा तेव्हा ते खरं असलंच पाहिजे. यात 'विचार करतो म्हणून' ही पायरी नाही.

हा किस पाडणं वाटेल. पण पायरी असेल तर ते अनुमान झालं, आणि अनुमानाला व्याप्ती लागते : जो जो विचार करतो तो तो अस्तित्वात असतो. हे सर्वसामान्य विधान देकार्तने संशयातून केव्हा सोडवलं? पहिल्या चिंतनात तर त्याने दोन अधिक तीन पाच यावरही शंका घेतली आहे. पायरी नसेल, तर मग हे ज्ञान आलं कुठून? आक्षेपांच्या दुसऱ्या संचाला उत्तर देताना देकार्त म्हणतो की हे अनुमान नाही, मनाला एका दृष्टिक्षेपात दिसणारी गोष्ट आहे. तीनच वर्षांनी 'प्रिन्सिपल्स'मध्ये मात्र तो लिहितो की जो विचार करतो तो नसणं अशक्य आहे, एवढं आधी माहीत असावंच लागतं. दोन्ही विधानं त्याचीच. ती जुळवायची कशी, की जुळत नाहीत असं धीटपणे म्हणायचं? १९६२ साली याक्को हिन्टिक्का या फिनिश तत्त्वज्ञाने वेगळीच वाट काढली. त्याच्या मते हे अनुमान म्हणून न पाहता एक कृती म्हणून पाहावं. 'मी नाही' असं म्हणायला जाणारा माणूस म्हणण्याच्या कृतीनेच स्वतःला खोटं पाडतो. यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पाच ओळींच्या नोट्समधली एक ओळ अशी उघडली की तिच्यावर महिनाभर तास चालू शकतात.

दुसरी गोष्ट पुस्तकाच्या बांधणीची. देकार्तने हस्तलिखित छापण्याआधीच मेर्सेन या धर्मगुरू मित्रामार्फत विद्वानांकडे फिरवलं, त्यांचे आक्षेप मागवले आणि आक्षेपांचे सहा संच आपल्या उत्तरांसह त्याच पुस्तकात छापले. सातवा संच पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत आला. आक्षेपकांत हॉब्ज आहे, गासेंदी आहे, आर्नो आहे. मूळ सहा चिंतनं आटोपशीर. आक्षेप आणि उत्तरं मिळून त्यांच्या कितीतरी पट. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्षाची सवय असलेल्या आपल्या वाचकाला ही रचना मुळीच परकी वाटू नये. गंमत म्हणजे सुट्या छापलेल्या स्वस्त आवृत्त्यांत नेमका हाच भाग गाळलेला असतो, आणि विद्यार्थ्याचा समज होतो की देकार्त एकटाच शेकोटीजवळ बसून बोलत होता.

आर्नोचा आक्षेप तर शाळकरी मुलालाही समजावा इतका सरळ आहे. जे स्पष्ट आणि सुव्यक्त दिसतं ते खरं, याची हमी कोण देतं? ईश्वर, कारण तो फसवणारा नाही. ईश्वर आहे हे कशावरून? तशी स्पष्ट आणि सुव्यक्त प्रतीती येते म्हणून. हा अन्योन्याश्रय झाला. देकार्तने उत्तर दिलं की हमी लागते ती पूर्वी पाहिलेल्या आणि आता केवळ आठवत असलेल्या गोष्टींपुरती. समोर लख्ख दिसत असताना हमीची गरज नाही. हे पुरेसं आहे का? माझं मत विचाराल तर नाही, पण पुरेसं आहे म्हणणारे तगडे अभ्यासक आहेत आणि एम.ए.च्या विद्यार्थ्याने त्यांची बाजू त्यांच्यापेक्षा चांगली मांडून मग खोडायची असते. गुण खरे तिथे असतात.

आणि मग एलिझाबेथ. ही बोहेमियाची राजकन्या. घराण्याचं राज्य गेल्यामुळे हॉलंडमध्ये आश्रयाला राहिलेली. १६४३च्या मे महिन्यात, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिने देकार्तला पत्र लिहून विचारलं : आत्मा जर केवळ विचार करणारं द्रव्य असेल, त्याला लांबी-रुंदी नसेल, तर तो शरीराला हलवतो कसा? वस्तू हलते ती ढकलल्याने, ढकलायला स्पर्श लागतो, आणि स्पर्श व्हायला विस्तार लागतो. देकार्तने वजनाचं उदाहरण दिलं. दगडाचा जडपणा त्याला खाली नेतो तेव्हा कुठे काही दुसऱ्या वस्तूसारखं येऊन ढकलतं? तिला ते पटलं नाही. तिने उलट कळवलं की अमूर्त गोष्टीला हलवण्याचं सामर्थ्य मानण्यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे असं मानणं मला सोपं वाटतं. या पत्रव्यवहारातून पुढे देकार्तचं भावनांवरचं पुस्तक उभं राहिलं, ते १६४९ साली निघालं. त्यानंतर काही महिन्यांतच तो वारला. प्रश्न तसाच राहिला.

आता पाठ्यपुस्तकातले पुढचे तीन 'वाद' पाहा. मालब्रांश म्हणाला, मन शरीराला हलवतच नाही; हात वर करावा असं मनात आलं की त्या निमित्ताने ईश्वरच हात हलवतो. स्पिनोझा म्हणाला, मुळात दोन द्रव्यं नाहीतच. एकच द्रव्य आहे आणि विचार व विस्तार ही ते ओळखण्याची दोन अंगं. लायब्निझ म्हणाला, दोघांत देवाणघेवाण नाही, पण ईश्वराने त्यांचा मेळ आधीच घालून ठेवला आहे. नोट्समध्ये ही तीन वेगळी प्रकरणं असतात, तीन वेगळ्या रात्री पाठ करायची. एका अडचणीभोवती ती मांडली की पाठ करायला फारसं उरत नाही. उलट चौथा पर्याय कोणता असू शकेल हे आपल्यालाच सुचू लागतं.

इथे लगेच एक सावधगिरी घ्यावी लागते, आणि ती घ्यायला शिकणं हाही एम.ए.चाच भाग आहे. मी वर मांडलेली साखळी नीटनेटकी आहे म्हणून खरी आहे असं नव्हे. एलिझाबेथची पत्रं छापून आली ती थेट १८७९ साली. तोवर जगाला या संवादाची एकच बाजू, देकार्तची, वाचायला मिळत होती. म्हणजे या तिघांनी तिच्या पत्राला उत्तर दिलं असं म्हणता येत नाही. अडचण त्यांना स्वतंत्रपणे, देकार्तच्या छापील ग्रंथांतून आणि त्यावरच्या वादांतून दिसली. विचारांची संगती आणि घटनांचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात त्या सारख्या एकमेकींत मिसळतात.

सगळ्यात मोठी मिसळ आधुनिक कालखंडात आहे. बुद्धिवादी तीन : देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ. अनुभववादी तीन : लॉक, बर्कली, ह्यूम. इकडे युरोप खंड, तिकडे ब्रिटिश बेटं. मग कांट येतो आणि दोघांचा समन्वय करतो. हे नाटक तीन अंकी असून इतकं आटोपशीर आहे की त्याचा संशय यायला हवा. ही मांडणी त्या सहा जणांची नाही. तिची बीजं कांटच्या स्वतःच्या हिशेबात आहेत आणि एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन इतिहासकारांनी ती पक्की केली. ह्यूमने 'अ ट्रीटिज ऑफ ह्यूमन नेचर' हा आपला मोठा ग्रंथ लिहिला तो फ्रान्समधल्या ला फ्लेश गावी, १७३५ ते १७३७ या काळात. त्याच गावच्या जेझुइट शाळेत देकार्त शिकला होता. बर्कलीवर मालब्रांशची छाप आहे. लायब्निझने लॉकच्या ग्रंथाला ओळीओळीने उत्तर देणारं आख्खं पुस्तक लिहिलं, लॉक १७०४ साली वारल्यामुळे ते छापलं नाही, आणि ते बाहेर आलं १७६५ साली. माणसं एकमेकांना वाचत होती, समुद्र ओलांडून भांडत होती. कप्पे नंतर पडले.

कांटचंच बघा. ह्यूमने आपल्याला झोपेतून जागं केलं असं तो १७८३ साली लिहितो, आणि प्रत्येक पाठ्यपुस्तक ते उद्धृत करतं. पण कोणता ह्यूम? ह्यूमचा तरुणपणीचा मोठा ग्रंथ जर्मनमध्ये संपूर्ण आला तो १७९० नंतर. कांटच्या हाती होतं ते १७५५ साली भाषांतरित झालेलं 'ॲन एन्क्वायरी कन्सर्निंग ह्यूमन अंडरस्टँडिंग' हे छोटं पुस्तक, आणि मोठ्या ग्रंथाचे इकडून तिकडून आलेले तुकडे. आपण दोन्ही शेजारी ठेवून वाचतो आणि कांटनेही तसंच वाचलं असणार असं धरून चालतो. एवढी एक गोष्ट लक्षात आली तरी 'कांटने ह्यूमला उत्तर दिलं' या वाक्यावर अख्खा लघुप्रबंध होऊ शकतो.

मग जुना ग्रंथ वाचायचा तरी कसा? याची दोन टोकं आहेत. एक म्हणतं, लेखक जणू आज समोर बसला आहे असं समजून त्याच्याशी वाद घाला. युक्तिवाद बरोबर की चूक एवढंच पाहा. दुसरं म्हणतं, तो त्याच्या काळात कोणाशी बोलत होता हे कळल्याशिवाय त्याचं म्हणणंच कळणार नाही. इतिहासकार क्वेंटिन स्किनरने १९६९ साली एका गाजलेल्या लेखात पहिल्या पद्धतीवर कडक टीका केली : आपले प्रश्न आपण जुन्या लेखकांच्या तोंडी कोंबतो आणि मग त्यांनी नीट उत्तर दिलं नाही म्हणून त्यांना झोडपतो.

पुण्याला पहिली पद्धत चांगली ओळखीची आहे. 'गीतारहस्या'त 'आधिभौतिक सुखवाद' नावाचं प्रकरण आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात टिळक हॉब्ज, मिल, कांट, ग्रीन यांना इतिहासातले मृत लोक म्हणून वागवत नाहीत. ते प्रतिपक्ष आहेत. त्यांचं घ्यायचं ते घेतात, पाडायचं ते पाडतात. त्याआधी आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर असेच वापरले, बरोबर उलट्या दिशेने. आणि १९८३ साली पुण्यातच एक विलक्षण प्रयोग झाला. दयाकृष्ण, मे. पुं. रेगे या तत्त्वज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यायशास्त्राचे पंडित आणि पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले प्राध्यापक यांना एकत्र बसवलं, बर्ट्रंड रसेलचा विधानांविषयीचा सिद्धान्त संस्कृतातून पंडितांपुढे ठेवला आणि विचारलं, यावर तुमचं काय म्हणणं? या परंपरेचा अभिमान जरूर असावा. फक्त पहिल्या पद्धतीने वाचायला आधी दुसरीची मेहनत लागते, हे टिळकांचं नाव घेऊन मिलला दोन वाक्यांत निकालात काढणाऱ्या उत्तरपत्रिका विसरतात.

सॉक्रेटिसच्या आधीच्या ग्रीकांकडे गेलं की मेहनत आणखी वाढते, कारण तिथे पूर्ण ग्रंथच उरलेले नाहीत. थेलीस 'सर्व काही पाणी' म्हणाला हे आपल्याला कळतं ते मुख्यतः ॲरिस्टॉटलकडून, दोनशेहून अधिक वर्षांनंतर, आणि ॲरिस्टॉटल त्याला आपल्या चार कारणांच्या चौकटीत बसवून सांगतो. हेराक्लिटसचे उरले आहेत ते सव्वाशेच्या घरातले तुकडे, तेही इतरांनी कुठे कुठे उद्धृत केले म्हणून. हेर्मान डील्सने १९०३ साली असे सगळे तुकडे गोळा करून त्यांना क्रमांक दिले. आजही अभ्यासक तेच क्रमांक वापरतात. फर्ग्युसनमध्ये शिकवणाऱ्या गुरुदेव रानड्यांनी याच हेराक्लिटसवर लिहिलं होतं, हे त्यांच्या भक्तांपैकीही फार जणांना ठाऊक नसतं.

संदर्भ देण्याची रीतही इथेच शिकून घ्यावी. प्लेटोचं वाक्य देताना पान क्रमांक चालत नाही. १५७८च्या स्टेफानसच्या आवृत्तीतला आकडा देतात, म्हणजे गुहेचा दृष्टान्त जगातल्या कुठल्याही भाषांतरात ५१४ वरच सुरू होतो. ॲरिस्टॉटलसाठी १८३१ची बेकरची आवृत्ती. कांटच्या पहिल्या 'क्रिटिक'साठी, म्हणजे 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन'साठी, १७८१ची 'ए' आणि १७८७ची 'बी' अशा दोन आवृत्त्यांचे आकडे शेजारी लिहितात. याने तुमचं मराठी उत्तर आणि जर्मनीतल्या कोणाचा प्रबंध एकाच ओळीवर बोट ठेवू शकतात.

मध्ययुगाची मात्र आपल्याकडे उपेक्षाच होते. हजार वर्षं दोन आठवड्यांत : ऑगस्टीन, ॲन्सेल्म, ॲक्वायनस, संपलं. इब्न सीना तर 'पाश्चात्त्य' नाही म्हणून बाहेर, आणि भारतीय नाही म्हणून तिकडूनही बाहेर. वास्तविक १०३७ साली वारलेल्या या तत्त्वज्ञाने हवेत तरंगणाऱ्या, कसलाही स्पर्श नसलेल्या, काहीही न दिसणाऱ्या माणसाची कल्पना केली होती : त्याला शरीराची जाणीव नसेल, पण आपण आहोत ही जाणीव असेल. हे वाचून मग देकार्तकडे परत या. लॅटिन युरोपने ॲरिस्टॉटल कसा वाचावा हे बऱ्याच अंशी इब्न सीना आणि कॉर्डोबाचा इब्न रुश्द यांच्याकडून घेतलं. या काळात ज्यांना रस असेल त्यांनी नगर रस्त्यावरचं ज्ञानदीप विद्यापीठ ध्यानात ठेवावं. १८९३ साली श्रीलंकेतल्या कँडीत सुरू झालेली आणि १९५५ साली पुण्यात आलेली ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था. तिथे तत्त्वज्ञान हा स्वतंत्र विभाग आहे.

भाषेचं काय, हा प्रश्न मराठी माध्यमातून आलेल्यांना छळतो. मराठीत साधनं आहेत : दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तत्त्वज्ञान महाकोश, विश्वकोशातल्या नोंदी, पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाशी जोडलेलं 'परामर्श' त्रैमासिक. त्यांनी पाया पक्का होतो. पण मूळ ग्रंथ इंग्रजीतूनच वाचावे लागतात, आणि सतराव्या-अठराव्या शतकातली इंग्रजी ही सिनेमातली इंग्रजी नव्हे. चांगल्या इंग्रजी शाळेतून आलेली मुलंही लॉकच्या लांबलचक वाक्यांत तितकीच अडखळतात, हे एक समाधान. रोज पाच पानं, पेन्सिल हातात धरून, प्रत्येक परिच्छेदाचा आशय मराठीत एका ओळीत समासात लिहीत गेलं की दोनेक महिन्यांत हात बसतो. पुढे पीएच.डी.चा विचार असेल तर एक युरोपीय भाषा आत्ताच धरावी. त्यासाठी रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवन असताना पुण्याच्या विद्यार्थ्याला सबब उरत नाही.

राहिला लघुप्रबंधाचा विषय. 'कांटचे तत्त्वज्ञान' हा विषय नाही. ते कपाट आहे. 'कांट आणि शंकराचार्य : एक तौलनिक अभ्यास' हाही नाही, मार्गदर्शक कितीही खूश झाले तरी. विषय असा हवा की ज्याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकेल. एलिझाबेथच्या मे महिन्यातल्या पत्रातला आक्षेप देकार्तच्या वजनाच्या उदाहरणाने सुटतो का? ह्यूमचं छोटं पुस्तकच फक्त वाचलं असतं तर कांटला जी अडचण दिसली ती दिसली असती का? प्रवेश घ्यायचं ठरत असेल तर निकाल आणि पहिला तास यांच्यामध्ये जो वेळ मिळतो त्यात तीन गोष्टी वाचून पाहा : प्लेटोचा 'युथिफ्रो', जो एका बैठकीत होतो, आर्नोच्या आक्षेपांसकट देकार्तची सहा चिंतनं, आणि ह्यूमच्या छोट्या पुस्तकातलं चौथं प्रकरण, जिथे तो विचारतो की आजवर भाकरीने पोट भरलं यावरून उद्याही भरेल हे कशावरून. या तिन्हींपैकी एकाशीही भांडावंसं वाटलं नाही, तर दुसऱ्या विषयाचा अर्ज भरायला तोवर मुदत बहुधा शिल्लक असते.